मागच्या बाकावरची झोप

२०२४ च्या डिसेंबरात आमच्या बुलडाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात एक विलक्षण गोष्ट घडली. बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस गळू लागले. आधी डोक्याला खाज सुटायची, मग केस हाती यायचे आणि थोड्याच दिवसांत टक्कल पडायचे. वर्तमानपत्रे आली, कॅमेरे आले, बाहेरून तज्ज्ञांची पथके आली. पाणी तपासले, रक्त तपासले. प्रथम पाण्यावर संशय होता, मग बुरशीवर. पुढे लोकांच्या रक्तात सेलेनियम या द्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखविले.

ही चौकशी झाली हे योग्यच झाले. कोणी त्या लोकांना असे म्हटले नाही की, तुमचा स्वभावच केस गळण्याचा आहे. शरीराला काही झाले तर अन्न पाहावे, पाणी पाहावे, रक्त पाहावे, ही साधी रीत तेथे पाळली गेली. परंतु याच जिल्ह्यात वर्षानुवर्षे शाळेच्या मागच्या बाकावर मान टाकून झोपणारी मुले आहेत. त्यांच्यासाठी कधी पथक आले नाही. कारण केस गेलेले दिसतात. थकलेले मूल मात्र ‘आळशी’ दिसते. या एका शब्दाने किती मुलांचे आयुष्य नासले याचा हिशेब आपल्या चळवळीनेही मांडलेला नाही. म्हणून हा विषय येथे घेतला आहे.

१

सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो.

बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त आमच्या महाविद्यालयात ‘अठरा तास अभ्यास’ हा उपक्रम होतो. विदर्भ-मराठवाड्यात तो ठिकठिकाणी होतो आणि वाचकांपैकी अनेकांनी त्यात भाग घेतला असेल. दोन वर्षांपूर्वी त्याची जबाबदारी माझ्याकडे होती. दुपारी, एप्रिलच्या उन्हात, काही मुले पेंगू लागली. मी माईक हाती घेतला आणि म्हणालो, “बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, आणि आपल्याला आठव्या तासाला डुलक्या येतात!” टाळ्या पडल्या. त्यानंतर थोड्याच वेळात अकरावीतली एक मुलगी पाणी प्यायला उठली आणि दारातच कोसळली.

दवाखान्यात तिचे रक्त तपासले. हिमोग्लोबिन ६.९ निघाले. तिच्या वयाच्या मुलीला ते किमान १२ असावे लागते; ८ च्या खाली गेले की तो तीव्र रक्तक्षय. डॉक्टरांनी विचारले, “सकाळी काय खाल्लं होतं?” ती म्हणाली, “चहा-टोस्ट.” आदल्या रात्री? “भात.”

संध्याकाळी तिची माय आली. दिवसभर शेतात निंदण-खुरपण करून तशीच आलेली. मी काही बोलण्याआधी तीच माफी मागू लागली. “सर, हे पोरगी लहानपणापासूनच आयशी हाये. शायेत बी झोपते, घरी बी झोपते. लय बोललो आम्ही हिले.” ती बोलत होती तेव्हा मी तिच्या हाताकडे पाहत होतो. तिची नखेही पोरीच्या नखांइतकीच पांढरीफटक होती.

मायने पोरीला आळशी म्हटले होते, शाळेने म्हटले होते आणि माईकवरून, बाबासाहेबांचे नाव घेऊन, मीही तेच म्हटले होते.

२

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. सहावी-सातवीत असताना मीही वर्गात झोपायचो. पहाटे उठून पाणी भरायचे, मग शाळा, सुट्टीच्या दिवशी कापूस वेचणी. एक गुरुजी आम्हा काही ठराविक मुलांकडे पाहून म्हणायचे, “यांच्या रक्तातच आळस आहे.” हे वाक्य माझ्या डोक्यात तीस वर्षे राहिले. आज वाटते, त्यांचे अर्धे वाक्य खरे असावे. दोष रक्तात होता. परंतु तो जातीने आलेला नव्हता; ताटातून आलेला होता, आणि ताटात काय पडावे हे मात्र जातीने ठरविले होते.

‘कामचुकार’, ‘ऐदी’, ‘जड डोक्याचा’ ही विशेषणे गावगाड्यात कोणाला लागतात हे आपण जाणतो. सावकाराचे पोर दुपारी झोपले तर त्याला बरे नाही म्हणतात. मजुराचे पोर झोपले तर ते माजले म्हणतात. थकवा ही शरीराची तक्रार आहे. ज्याची तक्रार ऐकायचीच नाही असे ठरलेले असते, त्याच्या तक्रारीला दुर्गुणाचे नाव दिले जाते. आणि वाईट असे की, ते नाव पुढे आपले आई-बापही उचलतात आणि शेवटी ते मूलही उचलते.

३

आता थकवा म्हणजे काय ते नीट पाहू.

खेळून दमलेले मूल रात्रभर झोपले की सकाळी ताजे होते. तो थकवा निरोगी आहे. पण पुरेशी झोप होऊनही जे मूल दोन-तीन आठवडे थकलेलेच राहते, खेळ सोडून कडेला बसते, जिना किंवा चढ चढताना धापा टाकते, त्याच्या थकव्याला कारण असते. ते शोधावे लागते.

आपल्या भागात सर्वांत मोठे कारण रक्तक्षय. रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. फुप्फुसातला प्राणवायू उचलून तो मेंदूपर्यंत, स्नायूंपर्यंत नेणे हे त्याचे काम. हिमोग्लोबिन घडायला लोह लागते. लोह कमी पडले की वाहतूकच कमी होते. चूल पेटलेली आहे पण फुंकर पोहोचत नाही, असे होते. मग हृदय जास्त वेगाने धडधडते, स्नायू लवकर दमतात, लक्ष लागत नाही, मूल चिडचिडे होते. पापणीची आतली बाजू, जीभ, तळहात फिके पडतात. काही मुले माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खातात. त्याबद्दल त्यांना मार बसतो. वस्तुतः हेही लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते.

किती मुलांना हे आहे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ५३.८ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ६८.९ टक्क्यांवर गेला. बोटातून काढलेल्या थेंबावर केलेल्या मोजणीत चूक होऊ शकते, असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला आहे आणि तो खरा आहे. पण २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतले होते. त्यातही देशातील १ ते ४ वर्षांची ४१ टक्के, ५ ते ९ वर्षांची २४ टक्के आणि १० ते १९ वर्षांची २८ टक्के मुले रक्तक्षयी निघाली. या शेवटच्या गटात मुलगे १८ टक्के आणि मुली ४० टक्के. म्हणजे वर्ग भरला असताना ज्या बाकावर पाच मुली बसतात, तेथे दोन मुलींच्या रक्तात पुरेसे हिमोग्लोबिन नाही. पाळी सुरू झालेली असते, आणि घरात सर्वांत शेवटी जेवायची सवय त्याआधीच लागलेली असते.

कारणांची साखळी मायपासून सुरू होते. रक्तक्षयी मायच्या बाळाला जन्मतः लोहाचा साठा कमी मिळतो. पुढे ताटात भात, पोळी आणि पातळ वरण. डाळ-पालेभाजीतले लोह शरीराला मुळात थोडेच घेता येते, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर त्यातलेही बरेचसे वाया जाते. आपल्याकडे तर लहान पोरांची न्याहारीच चहाची असते. भूक मारायला तो स्वस्त पडतो. त्यात भर जंतांची. उघड्यावर शौच आणि अनवाणी पाय यांमुळे आकड्या-कृमी पायाच्या त्वचेतून शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो.

लोहाखेरीज फॉलिक आम्ल आणि बी-१२ हे जीवनसत्त्वही रक्त घडविण्यास लागते. त्याच सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या ३१ टक्के मुलांत बी-१२ कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस, मासळी यांतूनच मिळते. भाजी-भाकरीत ते नसते.

४

दुसरे कारण आपल्या समाजाने विशेष समजून घ्यावे असे आहे. ते म्हणजे सिकलसेल.

या आजारात तांबडी पेशी गोल न राहता विळ्याच्या आकाराची होते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त सतत कमी पडते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत, पोटात असह्य कळा येतात. डोळे पिवळट दिसतात, वारंवार ताप येतो. १९१० साली अमेरिकेत डॉ. हेरिक यांनी हा आजार प्रथम नोंदविला. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला. आणि १९५८ साली नागपूरच्या संशोधकांनी मध्य भारतातील, त्यात महार समाजातील, त्याच्या खुणा प्रसिद्ध केल्या. विदर्भात तो गोंड, परधान, भिल्ल यांच्यात आहे, बौद्ध समाजात आहे, कुणबी-तेल्यांतही आहे.

हा कोणाच्या ‘अशुद्ध’ रक्ताचा पुरावा नाही. ज्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाचा कहर होता, तेथे हा गुण एकेरी असलेली माणसे हिवतापातून अधिक वाचली. म्हणून तो टिकला. एकेरी गुण असलेला माणूस वाहक असतो, आजारी नसतो. पण दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी पत्रिकेऐवजी रक्ताचा कागद पाहावा. आपण पत्रिका सोडली आहे. तिच्या जागी हा कागद ठेवायला हरकत नसावी.

रक्ताची साधी विद्राव्यता चाचणी आणि त्यानंतर पक्की तपासणी यांतून हा आजार कळतो. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने कळांचे झटके कमी होतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. हे पुष्कळ पालकांना माहीत नसते. अशा मुलाला भरपूर पाणी प्यायला द्यावे, कडक उन्हात व थंडीत उभे करू नये, ताप आला तर वाट पाहू नये, आणि लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. त्याच्या शरीरात लोह कमी नसण्याचा संभव असतो.

येथे एक इतिहास आठवतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. त्या ब्लॅक पँथरने जानेवारी १९६९ मध्ये ओकलंड येथील एका चर्चमध्ये शाळकरी मुलांना मोफत न्याहारी देणे सुरू केले होते आणि १९७१ मध्ये कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत सिकलसेलच्या तपासणीची मोहीम उघडली होती. आपण त्यांचे नाव घेतले, त्यांचा आवेश घेतला, कविता तर त्यांच्या तोडीची लिहिली. न्याहारी आणि रक्ततपासणी मात्र घेतली नाही. वस्तीतल्या मुलाच्या ताटाकडे पाहणे हे क्रांतीहून खालचे काम आहे असे त्यांना वाटले नव्हते.

५

प्रत्येक थकवा रक्ताचाच असतो असे नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला-ताप आणि उतरते वजन असेल तर क्षयरोगाची तपासणी हवी. मूल सारखे पाणी पिते, सारखे लघवीला जाते आणि रोडावते, तर त्याच दिवशी साखर तपासावी. मुलांतला मधुमेह वाट पाहत नाही. उंची खुंटली, थंडी सोसत नाही, शौचास घट्ट होते, तर थायरॉईडची शंका घ्यावी. चेहऱ्यावर सकाळी सूज दिसली तर मूत्रपिंड पाहावे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या भागांत मूत्रपिंडाचे विकार किती घरांत आहेत हे तेथील लोक जाणतातच.

मग झोप. शाळकरी मुलाला साधारण नऊ ते अकरा तास झोप लागते. एका खोलीचे घर, त्यात सहा माणसे, रात्री उशिरापर्यंत टीव्ही नाहीतर मोबाईल आणि पहाटे नळाचा किंवा टँकरचा नंबर. झोप येणार कोठून? कापूस वेचणीच्या आणि सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत हजेरीपट पाहा. मूल शाळेत आले तरी शेतातला थकवा घेऊन येते.

आणखी एक थकवा आहे तो कोणत्याही तपासणीत दिसत नाही. नावावरून आडनाव, आडनावावरून जात विचारली जाते तेव्हा, पाण्याच्या रांजणापाशी थबकावे लागते तेव्हा, शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचली जाते तेव्हा, मूल आतून दमते. सतत सावध राहणे हे कष्टाचे काम आहे. रक्त ठीक, झोप ठीक, तरी मूल गप्प आणि गळालेले असेल तर त्याच्याशी कोणी काय बोलले हे हळूच विचारावे.

६

अन्नाचा प्रश्न आपल्यासाठी नाजूक आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा असे सांगितले आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी ते सोडले. तो निर्णय माणूसपणाचा होता आणि त्यावर पुनर्विचाराची गरज नाही. परंतु जे सोडले त्याच्या जागी काय आले? शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात महार-मांगांच्या ताटाची नोंद केली आहे. काळीज, रक्ती, वजडी या गोष्टी त्या ताटात होत्या. मांसातले लोह शरीर सहज घेते. त्याच २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदी बैल-वळूंपर्यंत वाढविण्यात आली आणि गरिबाला परवडणारे मांस बाजारातून गेले. मटणाचा भाव मजुराच्या रोजाला परवडत नाही. राहिले अंडे.

२०२३ च्या नोव्हेंबरात शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे, न खाणाऱ्यांना केळी, देण्यास सुरुवात झाली. २०२५ च्या जानेवारीत शासनाने त्यासाठीचा पैसा देणे थांबविले आणि शाळांनी लोकवर्गणीतून जमवावे असे सांगितले. अंड्यात लोह फार नसते हे खरे. पण उत्तम प्रथिने आणि बी-१२ असतात, आणि ज्या मुलाच्या घरी महिन्याकाठी अंडे येत नाही त्याला ते शाळेतच मिळणार. ज्या गावात सप्त्याला वर्गणी जमते, तेथे अंड्याला का जमत नाही, हा प्रश्न ग्रामसभेत उठून विचारला पाहिजे. आणि वर्गणीवर सोडण्याची ही गोष्टच नाही, हे शासनाला विचारले पाहिजे.

ताटात आजही जे शक्य आहे ते असे. बाजरी, भिजवून मोड आणलेली मटकी-हरभरा, शेंगदाणे, तीळ, आंबाडी, तरोटा, घोळ. जेवताना लिंबाची फोड किंवा आवळा. आंबटाने भाजीतले लोह अंगी लागते. चहा जेवणाच्या आगेमागे तासभर नको, आणि लहान मुलाला नकोच. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हिमोग्लोबिन फार उतरले असेल तर बीट-गुळाने ते भरत नाही. तेथे औषधच हवे.

७

आता कामाचे.

शिक्षकांनी झोपणाऱ्या मुलाला उभे करण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. सकाळी काय खाल्लेस? रात्री केव्हा झोपलास? कुठे दुखते का? मग पापणी पाहावी. २०१३ साली पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा, अंगणवाडीत दोनदा यावयास हवे. ते आल्यावर आपली यादी तयार असावी. ५ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याला एक गुलाबी गोळी आणि १० ते १९ वर्षांसाठी निळी गोळी मोफत असते. वर्षातून दोनदा जंतांची गोळी असते. गोळ्या कपाटात पडून राहू नयेत. त्या जेवणानंतर, समोर घ्यायला लावाव्यात. पोट थोडे मळमळते, शौचास काळे होते. त्यात भीती नाही. हे आधी सांगितले तर अफवा उठत नाही. ताप किंवा जुलाब चालू असताना, आणि वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या मुलाला ही गोळी देऊ नये.

हे लक्षात ठेवावे की आठवड्याची गोळी प्रतिबंधासाठी आहे. रक्तक्षय निघाला तर रोजचे औषध लागते, तेही डॉक्टरांनी वजनावरून ठरविलेले, आणि आकडा सुधारल्यानंतरही काही महिने. महिन्याभरात आकडा हलला नाही तर पुन्हा जाऊन कारण शोधावे. तेथेच बहुधा सिकलसेल सापडतो.

कार्यकर्त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे: गोळ्यांचा साठा किती, सिकलसेलची तपासणी कोणत्या वारी, पथक शेवटचे केव्हा आले? मोर्चात हेही प्रश्न शोभतात. आणि विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील पाच घरे घ्यावीत, एवढे पुरे.

ती मुलगी सहा महिने औषध घेत होती. तिच्या मायलाही आम्ही सोबत तपासले आणि पाचवीतल्या धाकट्या भावालाही. तिघांनाही एकच औषध लागले. वर्गात आता ती पुढच्या बाकावर बसते, आणि बरेच प्रश्न विचारते. त्यातल्या काहींची उत्तरे मला येत नाहीत.

गेल्या जयंतीला आम्ही अठरा तासांतला एकही तास कमी केला नाही. मात्र आदल्या आठवड्यात आरोग्य केंद्राच्या मदतीने सर्वांचे रक्त तपासून घेतले. ज्यांचे कमी निघाले त्यांची यादी भिंतीवर लावली नाही. एकेकाला बाजूला घेऊन सांगितले. आणि पहिला तास सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाच्या हाती मटकीची उसळ, भाकर आणि एक उकडलेले अंडे ठेवले. लंडनला शिकताना बाबासाहेब पापड आणि पाण्यातल्या अर्कावर रात्र काढीत, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. सांगावीच. पण ते तसे राहिले ते आपल्या मुलांना तसे राहावे लागू नये म्हणून. दुपारी त्या दिवशीही दोघे-तिघे पेंगले. मी माईक घेतला नाही. जाऊन त्यांच्याशेजारी बसलो आणि विचारले, रात्री झोपला होतात का?